आमच्या कॅम्पेनच्या बखरकार ताईंना आभाराचे पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपले कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत अनेक बैठकांत (सेशनमध्ये) खेळलेली एक सलग कथा, संपले. शेवटच्या सेशननंतर टेबलाभोवती सगळेच एकमेकांचे आभार मानत होते, आणि गेम मास्टर म्हणून माझ्या वाट्याला तर अंमळ जास्तच कौतुक आले. पण तुमचे ऋण अशा गडबडीत दोन वाक्यांत उरकण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र. ते खुले ठेवले आहे, कारण कथाप्रधान कॅम्पेनविषयी जे बोलले जाते, त्यात गेम मास्टरच्या कल्पनाशक्तीची, नकाशांची, आवाज बदलून बोलण्याची वाखाणणी होते आणि वही घेऊन बसलेल्या खेळाडूचे नाव क्वचितच निघते. आपल्या खेळात कथा म्हणण्यासारखे जे काही उभे राहिले, ते तुमच्या वह्यांमुळे उभे राहिले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी असा खेळ खेळलेला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की इथे प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो आणि उरलेले सगळे जग, म्हणजे राजे, भिकारी, राक्षस, हवामान, वाटेतली खाणावळ आणि तिचा मालक, हे गेम मास्टरच्या अंगावर असते. सेशन चालू असताना त्याला एकाच वेळी नियम पाहायचे असतात, फासे वाचायचे असतात, समोरच्याच्या प्रश्नाला पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचे असते आणि कोण कंटाळले आहे याकडेही लक्ष ठेवायचे असते. दहा मिनिटांपूर्वी ओघात आपण काय बोलून गेलो, ते लिहून ठेवायला त्याच्याकडे हात उरत नाही. कथा तर नेमकी त्या ओघात बोललेल्या गोष्टींतून जन्मते. मागे घडलेल्याचा पुढे घडणाऱ्याशी संबंध लागला तरच तिला कथा म्हणायचे. नाहीतर एकामागून एक झालेल्या लढाया, एवढेच शिल्लक राहते.

तुमच्या वहीची मांडणी मला पहिल्यापासून आवडली. डाव्या पानावर काय घडले, उजव्या पानावर काय राहिले. कोणाला किती मार बसला, कोणत्या पेटीत किती सोन्याची नाणी सापडली, याची नोंद पात्रांच्या कागदांवर होतेच, म्हणून ती तुम्ही वहीत घेतली नाही. तुम्ही लिहिलीत ती माणसांची नावे, कोणी कोणाला दिलेले शब्द आणि ज्यांची उत्तरे मिळाली नाहीत ते प्रश्न. पात्रांना काय ठाऊक आहे आणि फक्त खेळाडूंना काय ठाऊक आहे, यातला फरकही तुम्ही समासात खूण करून जपलात, त्यामुळे ‘हे माझ्या पात्राला माहीत असेल का?’ या प्रश्नावर आपला खेळ कधी अडला नाही.

सोमा नावाड्याचे उदाहरण इथे द्यायलाच हवे. उत्तरकोटाकडे जाताना धूम्रा नदी ओलांडायची होती आणि माझ्या टिपणात तिथे ‘नदी, होडी, पलीकडे जंगल’ यापलीकडे काही नव्हते. आपल्या धनुर्धारिणीने नावाड्याचे नाव विचारले, मी सुचले ते सांगितले. तिने नाणे पुढे केले, तेव्हा नावाड्याने ते घेतले नाही, कारण पैशांच्या घासाघिशीत मला तो प्रसंग लांबवायचा नव्हता. सगळे जण लगेच जंगलात शिरले आणि पुढच्या चकमकीत नावाडी मागे पडला. तुमच्या उजव्या पानावर मात्र त्या दिवशीची नोंद अशी होती: ‘सोमा, नावाडी, साठीचा. पैसे घेतले नाहीत. का?’

दोन दिवसांनी तुम्ही त्या पानाचा फोटो मला पाठवलात, सोबत एक शब्दही लिहिला नव्हता. त्या ‘का?’चा विचार करता करता माझ्या लक्षात आले, की होडीवर पोट असलेला म्हातारा माणूस पैसे नाकारतो, तेव्हा त्यामागे काहीतरी ठाम कारण असणार. मग सोमाचा नेम ठरला: उत्तरकोटाकडे जाणाऱ्याकडून तो जाताना काहीच घेत नाही, दोन्ही वेळचे भाडे परत येताना घेतो, आणि ज्यांचे भाडे राहिले आहे त्या प्रत्येकासाठी होडीच्या दोराला एक गाठ मारतो. पुढच्या वेळी तुमची मंडळी त्याला भेटली, तेव्हा तो दोर गाठींनी भरलेला होता. माझे मूळ कथानक राजगादीच्या वादाचे होते, पण त्या दोरापुढे ते फिके पडले. गादीवर कोण बसते याची टेबलावर कोणाला फारशी फिकीर उरली नाही. गेलेली माणसे कुठे आहेत, हा आपल्या कॅम्पेनचा प्रश्न झाला, आणि तो विचारला तुमच्या वहीने.

कथा आधी लिहून ठेवून चालत नाही, हे नव्या गेम मास्टरांना पटायला वेळ लागतो. फाशांचा हिशेब मांडला की लवकर पटते. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता ५ टक्के असते. लक्ष्य १५ असेल आणि पात्राच्या कौशल्याची ४ची भर पडत असेल, तर फाशावर ११ किंवा अधिक यावे लागतात, म्हणजे यशाची शक्यता बरोबर निम्मी. असे तीन प्रयत्न ओळीने यशस्वी होण्याची शक्यता १२.५ टक्के. ज्याचे कथानक या तीन यशांवर उभे आहे, त्याचे कथानक आठांतून सात वेळा मोडणार. म्हणून कथाप्रधान कॅम्पेनचा कस कथानक किती चांगले रचले यात लागत नाही; फासा विरुद्ध पडल्यावर त्याचा परिणाम किती मनापासून मानला आणि किती लांबवर नेला, यात लागतो. राणी चंद्रलेखेच्या दरबारात आपल्या मांत्रिकाची विनवणी फसली, तेव्हा तुम्ही ‘अपयश’ असे लिहून मोकळ्या झाला नाहीत. तुम्ही लिहिलेत: ‘राणीने सैन्य दिले नाही. खजिनदार मात्र आपल्याकडे बघत राहिला.’ खजिनदाराच्या नजरेचे वर्णन मी केवळ दरबार जिवंत वाटावा म्हणून केले होते. ते तुमच्या वहीत उतरले, आणि पुढे सैन्याऐवजी त्याच खजिनदाराच्या गुप्त वाटेने तुमची मंडळी किल्ल्यात शिरली.

या खेळाच्या इतिहासातही नोंदी ठेवणाऱ्याला मान होता. याच प्रकारचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या सुरुवातीच्या काळात बहुतेक टेबलांवर गेम मास्टरच्या वर्णनावरून भुयाराचा नकाशा काढण्याचे काम एका खेळाडूकडे असे. नकाशा चुकला तर सगळी टोळी अंधारात भरकटायची, त्यामुळे ते काम हलके समजले जात नसे. त्या खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांनी तर १९७९ सालच्या गेम मास्टरांसाठीच्या पुस्तकात, काळाची काटेकोर नोंद नसेल तर कॅम्पेनला अर्थ उरत नाही, असे मोठ्या अक्षरांत बजावले होते. भुयारांचे नकाशे आता मागे पडले आहेत आणि बऱ्याच टेबलांवर काळाची नोंदही सुटली आहे. माझ्या मते ती सुटायला नको होती.

तुम्ही ती सुटू दिली नाहीत. आपल्या जगाचे पंचांग तुम्ही वहीच्या मधल्या पानांवर आखलेत आणि प्रत्येक मुक्काम, प्रत्येक आजारपण, प्रत्येक लांबचा वळसा त्यात भरलात. कोटपालाचा दूत राजधानीकडे निघाला आणि त्याला पोहोचायला वीस दिवस लागतील, असे मी एकदा सांगितले होते. मंडळी गुहांमध्ये रमली, एका गावच्या भांडणात पंच झाली, जखमा भरेपर्यंत थांबली. मग एका सेशनच्या सुरुवातीला तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘दूत परवा पोहोचतो.’ त्या तीन शब्दांनी टेबलावरची सगळी चर्चा बदलली. मी तेच सांगितले असते, तर गेम मास्टर घाई करतो आहे असे वाटले असते. खेळाडूच्या तोंडून, मोजलेल्या दिवसांच्या आधारावर ते आले, म्हणून ते त्या जगाचे सत्य झाले. दूताच्या आधी पोहोचण्यासाठी घोडे विकत घ्यायचे की घाटातून जायचे, यावरचा तो वाद आपल्या संपूर्ण कॅम्पेनमधला मला सर्वांत आवडलेला वाद आहे.

दर सेशनच्या आरंभी तुम्ही मागच्या वेळचा गोषवारा वाचायचात. तो लहान असे, आणि त्यात तुमच्या स्वतःच्या वैद्याचे नाव जवळजवळ नसे. ज्याच्या हातात लेखणी असते त्याला स्वतःचे पात्र मोठे करण्याचा मोह सहज होऊ शकतो. तुमच्या वह्यांतून वैद्याने काय केले ते शोधायला मला इतरांच्या आठवणी विचाराव्या लागल्या. दोघांच्या आठवणीत फरक पडला, तर तुम्ही दोन्ही पाठ लिहून ठेवत होतात आणि निकाल माझ्याकडूनही मागत नव्हतात. माझ्या आधीच्या आणि नंतरच्या बोलण्यात कुठे मेळ बसत नाही असे दिसले, तर ते टेबलावर न काढता सेशन संपल्यावर विचारत होतात. या समजूतदारपणाने मला किती मोकळेपणा दिला, ते कॅम्पेन चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्यातल्या सर्वांत अबोल खेळाडूविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. सुरुवातीच्या काही सेशनमध्ये तो फासे टाकण्यापुरता बोलायचा. एकदा लढाईच्या गोंधळात तो हळूच म्हणाला, की त्याचा चोर घंटेचा आवाज आला की थबकतो. त्या वेळी ते कोणी ऐकले नाही, मीसुद्धा फाशांचे आकडे मिळवत होतो. पुढच्या गोषवाऱ्यात तुम्ही ते वाक्य त्याच्या नावानिशी वाचलेत आणि पुढे गेलात. त्याने मान वर केली. त्या दिवशी त्याला मी विचारले, ‘का थबकतो?’ आणि तो बराच वेळ बोलला. चोराच्या गावावर धाड पडली ती रात्र, देवळातली घंटा, वाचवता न आलेला भाऊ, हे सगळे त्याने तिथे बसून रचले. आपले म्हणणे कुणीतरी लिहून घेतले आहे, ते आता या जगाचा भाग आहे, एवढी खात्री मिळाल्यावर माणूस किती खुलतो, ते मी त्या संध्याकाळी पाहिले.

वहीच्या पहिल्या पानाचेही आभार मानायचे आहेत. सेशन झीरोमध्ये, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, कोणते विषय आपल्या टेबलावर येणार नाहीत आणि कोणते आले तरी पडद्याआडच राहतील, हे सर्वांनी मिळून ठरवले होते. ते तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलेत आणि मध्येच नवी खेळाडू आली तेव्हा खेळ सुरू करण्याआधी ते पान तिच्यापुढे ठेवलेत. तिने त्यात एक ओळ वाढवली. कोणी कारण विचारले नाही.

आणि मग तो शेवटचा सेशन. उत्तरकोटाच्या तळघरातून सुटलेली माणसे धूम्रेच्या काठी आली, सोमा होडी घेऊन उभा होता, आणि चोर म्हणाला, ‘मला दोराची प्रत्येक गाठ नाव घेऊन सोडायची आहे.’ माझ्याकडे नावांची यादी नव्हती. सुटलेल्यांची संख्या तेवढी मी ठरवली होती. तुम्ही वही उघडलीत. वाटेतल्या गावागावांतून कोणाचा मुलगा, कोणाची बहीण, कोणाचा गुरू हरवला हे लोकांनी सांगितले होते, आणि त्यातले प्रत्येक नाव तुम्ही त्या त्या दिवशी टिपले होते. तुम्ही नावे वाचत गेलात, तो गाठी सोडत गेला. जी माणसे वाचली नव्हती, त्यांच्या नावाशी तुम्ही थांबत होतात आणि तो ती गाठ तशीच ठेवत होता. त्या वेळात मला गेम मास्टर म्हणून एक शब्दही बोलावा लागला नाही, आणि यापेक्षा चांगला शेवट मला सुचला नसता.

तुमच्या उजव्या पानांवर तीन प्रश्न अजून उघडे आहेत. त्यांची उत्तरे हे माझे आभार समजावे. राणीच्या दालनातला आरसा राणीनेच फोडला होता. तुम्ही पोहोचण्याच्या आदल्या रात्री कोटपाल त्यातून तिच्याशी बोलला होता. पुलावरच्या पहारेकऱ्याने तुम्हाला ओळखूनही सोडले, कारण ज्या मुलाचा ताप तुमच्या वैद्याने दोन गावे आधी उतरवला, तो त्याचा भाचा होता. तो ताप उतरला नसता, तर पुलावर लढाई झाली असती. तिसरा प्रश्न कोटपालाच्या अंगठीवरच्या चिन्हाचा. त्याचे उत्तर मी राखून ठेवतो आहे, कारण पुढचे कॅम्पेन तिथूनच सुरू होणार आहे आणि त्या टेबलावर तुमची जागा आत्ताच धरून ठेवली आहे.

आपला कृतज्ञ,
गेम मास्टर