सदर चिखलाची उपयुक्तता

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

समुद्रतळावरून काढलेल्या गाळाच्या नळ्या ज्यात ठेवतात, ते आमचे शीतगृह बंद पडून साडेचार महिने झाले. गेल्या वर्षी त्याच शीतगृहाच्या दारात उभे राहून नव्या यंत्रणेचे आश्वासन आपण स्वतः दिले होते. त्याची आठवण करून देणाऱ्या माझ्या चौथ्या अर्जाला परवा उत्तर आले : ‘सदर चिखलाची उपयुक्तता स्पष्ट करावी, अन्यथा निर्लेखनाचा प्रस्ताव सादर करावा.’ निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून नाव खोडून टाकून देणे. संधी दिल्याबद्दल मी आभारी आहे. उपयुक्तता दिलेल्या रकान्यात मावत नसल्याने हे खुले पत्र लिहावे लागत आहे.

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर किंवा त्याहूनही थोडी अधिक खाली होती, कारण तेवढे पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकले होते. किनाऱ्यालगतची, आज उथळ पाण्याखाली असलेली समुद्रबूड जमीन तेव्हा बव्हंशी उघडी होती, नद्या ती ओलांडून थेट तिच्या कडेपर्यंत जात आणि आपला गाळ सागरी घळींतून (समुद्रतळावरच्या खोल दऱ्यांतून) खोल तळावर लोटून देत. पुढे बर्फ वितळला, पाणी चढले (१४,५०० वर्षांपूर्वीच्या सुमारास तर पाचेकशे वर्षांतच वीसेक मीटर) आणि नद्यांची मुखे मागे हटली. गाळ खाड्यांत व उथळ पाण्यातच बसू लागला, खोल समुद्राचा रतीब आटला. पाणी चढण्याचा वेग मंदावला, तेव्हा म्हणजे साडेआठ ते साडेसहा हजार वर्षांपूर्वी, जगातले बहुतेक मोठे त्रिभुज प्रदेश आकार घेऊ लागले.

पण एवढा नियम सांगून मोकळे होता येत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेचा त्रिभुज प्रदेश पाणी झपाट्याने चढत असतानाच वाढू लागला होता, कारण ११ ते ७ हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस जोरदार होता आणि या नद्या आजच्या दुपटीहून अधिक गाळ आणत होत्या. शिवाय तिथली सागरी घळ नदीमुखाच्या इतकी जवळ आहे, की समुद्र वर असूनही गाळ आजही तिच्यातून खोलवर जातो. समुद्राने मागे रेटायचे आणि पावसाने पुढे ढकलायचे, अशा या ओढाताणीत कोणत्या वेळी कोण जिंकले, हे फक्त गाळाच्या थरांवरून कळते, आणि ते थर आपल्या कार्यालयाच्या भाषेत ‘सदर चिखल’ आहेत.

आता त्या चिखलाची अवस्था सांगते. सतरा क्रमांकाची नळी सहा मीटरची आहे. ज्या सफरीत ती काढली, त्या सफरीतले पहिले नऊ दिवस मी उलट्या करण्यात घालवले, आणि नंतरची तेरा वर्षे तिच्यातले फोरामिनिफेरा या सूक्ष्म, एकपेशी सागरी जीवांचे शंख सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक उचलण्यात. डोळ्यांचा नंबर कितीने वाढला, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही, म्हणून सांगत नाही. गेल्या आठवड्यात तिची पेटी उघडली, तेव्हा हिरवट करडा गाळ तांबूस झाला होता, नळीच्या भिंतीपासून सुटून आक्रसला होता आणि भेगांच्या कडेला जिप्समचे चकचकीत स्फटिक उगवले होते. गाळातले पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज, हवेशी संयोग पावले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते आणि ते चुन्याचे शंख खाते. शंख गेले, की त्यांच्या रासायनिक घडणीत नोंदलेला त्या काळचा बर्फ आणि समुद्राचे तापमान यांचा हिशेबही गेला. दर हजार वर्षांना सरासरी दोन सेंटिमीटर धरले, तर त्या नळीत तीन लाख वर्षे होती. दहावीस हजार इकडेतिकडे झाली असतील, तर कार्यालयाने वजा करून घ्यावीत. याच वेगाने आपल्या साडेचार महिन्यांत जो गाळ साचतो, त्याची जाडी केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी भरते. आपल्या कार्यालयाचा वेग मला यापेक्षा जास्त वाटला होता.

‘नवीन नळ्या काढा’ असा शेराही फाइलवर आहे. कोणत्या जहाजावरून, हे शेरा मारणाऱ्याने लिहिलेले नाही. १९८५ पासून जगभरच्या समुद्रतळात छिद्रे घेणारे ‘जॉइडेस रेझोल्यूशन’सुद्धा २०२४ मध्ये थांबले. जहाज निघताना झेंडा दाखवता येतो. शीतगृह आजही चालू आहे, याची बातमी होत नाही. आपल्या साऱ्या व्यवस्थेला मिळवण्याची हौस आहे आणि राखण्याचा कंटाळा आहे. धरणांचेच पाहा. जगातल्या जलाशयांत १०० अब्ज टनांहून अधिक गाळ अडकून पडला आहे, खाली किनारे झिजताहेत आणि २००६ ते २०१८ या काळात समुद्र वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने चढला. धरणाच्या कोनशिलेवर पाण्याचा आकडा असतो, गाळाचा नसतो. समुद्र चढतो आणि गाळ कमी पडतो तेव्हा किनाऱ्याचे काय होते, हे विचारायला उद्या आपलीच समिती आमच्या दारात येईल, आणि आम्ही तिला तांबूस भुगा दाखवू.

माझ्या मागण्या इतक्याच आहेत : निर्लेखनाचा प्रस्ताव थांबवावा, चार अंश तापमान राखणारी यंत्रणा पर्यायी वीजपुरवठ्यासह बसवावी, आणि ती बसेपर्यंत वाचलेल्या नळ्या दुसऱ्या शीतगृहात हलवण्याची परवानगी द्यावी. वाहनाची सोय मी करीन. एकवीस क्रमांकाची नळी अजून ओली आहे. तिला प्लास्टिकचे तिहेरी वेष्टन घालून, माझ्या खोलीतल्या फ्रिजमध्ये मावेनात म्हणून तिचे दीड-दीड मीटरचे चार तुकडे मी वातानुकूलित ग्रंथालयात कपाटामागे ठेवले आहेत. हे नियमबाह्य आहे, याची मला जाणीव आहे. कारवाईची नोटीस तरी वेळेत यावी.

आपली,
सदर चिखलाची अभ्यासक