'बंद' आहे म्हणजे नक्की काय?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. मेंटेनन्सच्या जोडीला आता सुरक्षेचाही भार तुझ्यावर आला, हे वाचून बरं वाटलं. फाइलींचा ढीग आहे, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. फाइली राहू देत. पहिले काही दिवस एकाच शब्दावर कान ठेव. तो शब्द म्हणजे 'बंद'.

पंप बंद आहे, लाइन बंद आहे, मिक्सर बंद आहे, असं दिवसभर ऐकशील. ऑपरेटर 'बंद' म्हणतो तेव्हा त्यानं लाल बटण दाबलेलं असतं. इलेक्ट्रिशियनच्या लेखी ब्रेकर खाली आला की बंद. फिटर तोच शब्द ऐकतो आणि आता हात घालायला हरकत नाही असं समजतो. बहुतेक हात या तीन अर्थांच्या मधेच सापडतात.

लाल बटणानं फक्त कंट्रोल सर्किट तुटतं. मुख्य वीज पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टरपर्यंत, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचपर्यंत, येऊन थांबलेलीच असते. कन्व्हेयरवर खोकं अडकलं तर पट्टा थांबतो आणि सगळे म्हणतात, बंद पडला. खरं तर फोटोसेन्सरसमोर अडथळा आहे म्हणून तो थांबलेला असतो. कामगार वाकून खोकं ओढतो, सेन्सर मोकळा होतो आणि पट्टा चालू होतो, तोही हात रोलरपाशी असतानाच. मशीननं काहीच चूक केलेली नसते, ते सांगितल्याप्रमाणे वागलेलं असतं.

म्हणून खरं 'बंद' करताना क्रम सोडायचा नाही. आजूबाजूच्यांना कळवायचं, मशीन नेहमीच्या पद्धतीनं थांबवायचं, मग वीज, हवा, वाफ, तेल असे जेवढे स्रोत असतील तेवढे एकेक करून तोडायचे. प्रत्येक तोडलेल्या जागी कुलूप आणि टॅग. नुसत्या टॅगवर भागवू देऊ नकोस. टॅग म्हणजे विनंती, तो कुणाचा हात धरत नाही. कुलूप ज्याचा हात आत जाणार त्याचं, आणि किल्ली त्याच्याच खिशात. सुपरवायझरनं सगळ्यांच्या वतीनं एक कुलूप लावणं ही सोय आहे, सुरक्षा नव्हे. चार-सहा जण असतील तर हॅस्पमध्ये, म्हणजे अनेक कुलपं बसतील अशा कडीत, प्रत्येकाचं वेगळं कुलूप. काम मोठं असेल तर स्रोतांवरच्या कुलपांच्या किल्ल्या एका पेटीत टाकायच्या आणि त्या पेटीला प्रत्येकानं आपलं कुलूप लावायचं. शिफ्ट बदलताना येणाऱ्याचं कुलूप आधी लागतं, जाणाऱ्याचं त्यानंतर निघतं.

याच्या पुढची पायरी घाईत हमखास गळते, ती साठलेल्या ऊर्जेची. वीज तोडली तरी वर उचललेला प्रेसचा रॅम, म्हणजे खाली दाब देणारा जड भाग, वरच असतो, त्याला खाली ठोकळा द्यावा लागतो. तेलाचा दाब साठवणारा हायड्रॉलिकचा अ‍ॅक्युम्युलेटर पंप थांबल्यावरही दाब धरून बसतो. मोटरच्या ड्राइव्हमधले, म्हणजे तिचा वेग सांभाळणाऱ्या पेटीतले, कपॅसिटर उतरायला काही मिनिटं लागतात. किती, ते ड्राइव्हवरच लिहिलेलं असतं आणि तेवढं थांबायचंच. हवेच्या सिलिंडरमधली हवा सोडली नाही, तर अडकलेला पिस्टन नळी सैल करताच उसळतो. हे सगळं उतरवलं की चालू करायचं बटण दाबून बघायचं. मशीन हललं नाही म्हणजे झालं, असं समजू नकोस. बटण पुन्हा 'ऑफ'वर आणायचं, नाहीतर कुलूप निघताच ते धावेल. विजेचा टेस्टर तर आधी चालू सर्किटवर, मग तोडलेल्यावर आणि शेवटी पुन्हा चालू सर्किटवर लावायचा. मेलेला टेस्टर प्रत्येक तार मेलेलीच दाखवतो.

आता परमिटबद्दल, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या लेखी परवानगीबद्दल. 6 जुलै 1988 च्या रात्री उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म पेटला आणि 167 माणसं गेली. एका कंडेन्सेट (वायूतून निघणारं हलकं, ज्वलनशील द्रव) पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून तिथे नुसतं झाकण बसवलं होतं. संध्याकाळी शिफ्ट बदलली. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा ड्यूटीवरच्यांना पहिल्या पंपाच्या मेंटेनन्सचं परमिट ठाऊक होतं, व्हॉल्व्हचं नव्हतं. त्यांनी पंप चालू करायला घेतला आणि झाकणापाशी वायू गळला. एकाच पंपाचं 'बंद' असणं दोन वेगळ्या कागदांवर होतं आणि ते कागद एकमेकांना भेटलेच नाहीत. म्हणून तुझ्याकडची परमिटं तारखेनं लावू नकोस, यंत्राच्या नंबरानं लाव. एका पंपावर तीन कामं असतील तर तिन्ही कागद एकाच खणात दिसले पाहिजेत. आणि टेबलावर बसून सही झालेलं परमिट परत पाठव. सही व्हॉल्व्हजवळ उभं राहून व्हायला हवी.

टाकीत किंवा व्हेसलमध्ये माणूस उतरणार असेल, तर 'व्हॉल्व्ह बंद आहे' हे वाक्य ऐकूनच घेऊ नकोस. आतली चकती जिथे टेकते त्या सीटवर गंजाचा एक कण बसला तरी व्हॉल्व्ह गळतो. तिथे लाइन सुटी करायची किंवा दोन फ्लँजमध्ये, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या कड्यांमध्ये, ब्लाइंड प्लेट (भोक नसलेली चकती) घालायची. प्लेटची शेपटी बाहेर दिसली पाहिजे आणि घातलेल्या प्लेटांची यादी परमिटला जोडलेली हवी. काम संपल्यावर काढताना हीच यादी लागते.

मग गॅस तपासणी. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी, आणि हा क्रम उलटायचा नाही. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर तो वायू स्वतःत जाळून मोजतो. टाकीत ऑक्सिजनच नसेल तर तो जाळणार कशाच्या जोरावर? आकडा फसवा, कमी येतो. ऑक्सिजन बाहेर 20.9 टक्के असतो. 19.5 च्या खाली किंवा 23.5 च्या वर गेला तर कुणी उतरायचं नाही. ज्वलनशील वायू त्याच्या खालच्या स्फोटमर्यादेच्या, म्हणजे ज्या किमान प्रमाणात तो हवेत पेट घेऊ शकतो त्याच्या, 10 टक्क्यांखाली हवा. मोजायचं वर, मध्ये आणि तळाशी, कारण मिथेन वर जातो आणि हायड्रोजन सल्फाइड तळाला बसतो. नळी लांब असेल तर तळाची हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो, तेवढा दम धर. नाकावर भिस्त ठेवू देऊ नकोस. हायड्रोजन सल्फाइड 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेला की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. नायट्रोजनला तर वासच नाही, नुसत्या नायट्रोजनचे दोन-तीन श्वास माणूस कोसळायला पुरतात. रिकामी, कोरडी वाटणारी लोखंडी टाकीही नुसती गंजून आतला ऑक्सिजन खाते.

गुदमरतंय म्हणून कुणी सिलिंडरमधला ऑक्सिजन आत सोडायला निघेल, त्याला तिथेच अडव. त्यानं कपडेही भडकन पेटतात. ताजी हवा ब्लोअरनंच द्यायची.

टाकीच्या दारावर पहाऱ्याला ठेवलेला माणूस दारावरच राहायला हवा. आतला कोसळला की बाहेरच्याला राहवत नाही, तो उतरतो आणि त्याच हवेत पडतो. अशा अपघातांत एकामागून एक माणसं जातात ती यामुळेच. म्हणून उतरणाऱ्याला आधीच हार्नेस, वर ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोर गुंडाळून ओढायचं यंत्र), म्हणजे बाहेर उभं राहून ओढता येतं. गोणीसारख्या लुळ्या वजनावर ही विंच एकदा फिरवून बघ. कागदावरच्या कितीतरी विंचा मॅनहोलच्या तोंडाशी अडतात.

भिंतीवरचे 'हेल्मेट घाला' असे फलक आहेत तसे असू देत. ते उतरवायला शिडी लागेल आणि शिडीसाठी वेगळं पत्र लागेल.

तुमच्याकडे चालू असलेल्या परमिटचा कोरा फॉर्म पुढच्या पत्रासोबत पाठव. बाहेरच्या कंत्राटदाराच्या माणसांना कुलूप कोण देतं, तेही विचारून ठेव. लाल शाईनं खुणा करून फॉर्म परत पाठवतो.

तुझाच,
मित्र