महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र: बालसंगोपनाचे पैसे द्या, आणि जे पोरांना शिकवत होते त्यांनाही शिकवू द्या

माननीय मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार. मी तुर्भे स्टोअरला राहते, एमआयडीसीत पॅकिंगला जाते, मिस्टर गेल्यापासून दोन्ही मुलींचं मीच बघते. परवा ठाण्याच्या एका सरकारी ऑफिसात मला सांगितलं, धाकटीची बालसंगोपन योजनेची (आई किंवा बाप गेलेल्या पोरांना सरकार महिन्याला पैसे देतं ती) फाईल सापडत नाही, नवीन अर्ज करा. गेल्या वर्षी तिथेच सांगितलं होतं की मंजूर झालंय, महिन्याला 2,250 खात्यात पडतील. एक रुपया आला नाही. आता परत मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, परत गृहभेट, परत बालकल्याण समितीची ऑर्डर. मी ठाण्याला आले की त्या दिवसाचा पगार कापला जातो, हे तुमच्या माणसांना कळतं का?

धाकटी नववीत गेली. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातून ॲडमिशन होतं म्हणून आठवीपर्यंत फी नव्हती, आता त्याच शाळेने पूर्ण फी मागितलीय. कायदा 6 ते 14 वयाचा आहे म्हणतात. पोर चौदाचं झालं म्हणून आईचा पगार वाढत नाही हो.

मोठीच्या वेळी असं झालं नाही, आणि ते सरकारमुळे नाही. वस्तीत एक ख्रिश्चन सेंटर होतं, बाहेरच्या देशातला एक माणूस एका मुलाचा खर्च उचलतो, तसलं. माझ्या मुलीसाठी एक आजी पैसे पाठवायच्या. शाळेची फी, वह्या, दप्तर, शाळा सुटल्यावर क्लास, जेवण, वर्षातून डॉक्टरची तपासणी, वजन कमी भरलं तर मला बोलावून विचारायचे. दोन दिवस पोरगी दिसली नाही की तिथल्या दीदी घरी यायच्या. सातवीत मी तिला माझ्यासोबत कामाला न्यायचं ठरवलं होतं, दीदी आमच्या दारात बसून राहिल्या, मी हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. ती आजींना पत्र लिहायची, आजींचं उत्तर यायचं, गणित कसं चाललंय विचारायच्या, आणि गणितात नापास होणारी माझी पोरगी आज बी.कॉम. होऊन महापेला अकाउंट्समध्ये नोकरी करते.

लगेच म्हणाल, धर्म बदलायला लावला असेल. तिथे येशूची गोष्ट सांगायचे, प्रार्थना व्हायची, त्यांनी कधी लपवलं नाही आणि मीही लपवत नाही. आमच्या घरात माळकरी माणसं आहेत, सासरे अजून वारीला जातात, मोठी अजून एकादशी धरते. कोणी जबरदस्ती करत असेल तर गुन्हा दाखल करा, पकडा त्याला, मी स्वतः साक्ष द्यायला येईन. पण पुराव्याशिवाय शेकडो पोरांचा क्लास का बंद पाडता?

बंदच पडला. 2020 मध्ये परदेशी पैशाचा कायदा बदलला, बाहेरून आलेला पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. आमच्यासारखी छोटी सेंटरं मोठ्या संस्थेच्या पैशावरच चालायची, संपली. त्याच्या आधी मार्च 2017 ला कम्पॅशन इंटरनॅशनल या असाच मुलांचा खर्च उचलणाऱ्या अमेरिकेतल्या ख्रिश्चन संस्थेने भारतातलं काम थांबवलं, दीड लाखाच्या आसपास पोरं होती त्यांच्याकडे. त्या पोरांचं पुढे काय झालं, कुठल्या सरकारने घरी जाऊन विचारलं? मोठीने मला दाखवलं, याच संस्थेच्या कामाचा अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी सहा देशांत अभ्यास केला, त्यात भारतही होता, 2013 साली छापून आलाय, दहा हजारांवर माणसांची माहिती घेतली. मदत मिळालेली मुलं एक ते दीड वर्ष जास्त शिकली. कोणाला एक वर्ष थोडं वाटेल, पण नववीत सुटणारी पोरगी दहावी झाली की तिचं आयुष्य बदलतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तो कायदा दिल्लीचा, तुमच्या हातात नाही, माहितीये मला. मग तुमच्या हातात आहे ते तरी करा! मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत अशा पोरांना महिन्याला 4,000 लिहिलेत, ते आमच्या वस्तीत कोणाला मिळतात मला दाखवा. पहिली ते आठवीची अल्पसंख्याक मुलांची स्कॉलरशिप केंद्राने 2022 ला बंद केली, शेजारच्या पोरांचे तेही गेले. आणि लाडकी बहीणचे पैसे 2024 च्या निवडणुकीआधी कसे खात्यात पडले? तेव्हा आधार लिंक झालं, डीबीटी झालं, कोणाची फाईल हरवली नाही. मतदान बाईला आहे, पोराला नाही, म्हणून का? पक्ष कुठलाही असू दे, सगळ्यांनी हेच केलंय. बाप मेलेल्या पोराच्या फाईलवर बसायची हिंमत होते कारण ते पोर ओरडत नाही.

माझी फाईल शोधा, नाही सापडली तर तुमच्याच ऑफिसने नवीन बनवावी, मंजुरीपासूनचे सगळे पैसे द्यावेत. नववी-दहावीची फी आरटीईच्या पोरांना माफ करा. आणि दिल्लीत तुमचं ऐकणारे आहेत, त्या बंद पडलेल्या सेंटरांसाठी एक शब्द टाका. फीची शेवटची तारीख शाळेने 30 दिलीय, त्याच्या आधी उत्तर द्या.

दोन मुलींची आई,
तुर्भे स्टोअर, नवी मुंबई