तळ्याचा काठ फोडायला सांगितलाय

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘जाऊ दे गो’ म्हणतात आणि आई ‘जेवलीस का’ विचारते. म्हणून लिहिते आहे. मी भेट म्हणून बांधून दिलेल्या परसातल्या तळ्याच्या दुरुस्तीचं काम मी ठरवून टाकलंय. फोंड्याच्या गवंड्याला अर्धे पैसे दिलेत. तुळशीचं लग्न झालं की पुढच्या सोमवारी तो येईल, तोवर जमीनही सुकलेली असेल. आधी विचारलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. विचारलं असतं तर ‘यंदा नको’ म्हणाला असतात, आणि पुढच्या पावसातही बाबा त्या शेवाळावरूनच चालले असते.

बाबा, चवथीला आले तेव्हा तुमचं मनगट सुजलेलं होतं. ‘गणपतीवरची माटोळी बांधताना लचकलं’ म्हणालात. तळ्याच्या काठावर घसरलात हे खरं काकींनी सांगितलं, तेही मी परत निघताना. बसमध्ये अनमोड घाट संपेपर्यंत मला रडू येत होतं. मी दिलेल्या तळ्यानेच तुम्हाला पाडलं.

पंचाहत्तरीला काहीतरी कायमचं द्यावं, एवढंच मनात होतं. फोटो बघून ठरवलं, पैसे इथून पाठवले, कंत्राटदाराला एकदाही समोर भेटले नाही. दादा म्हणत होता थांब, मीच घाई केली. आणि आई, ते रंगीत मासे मांजराने नेले नव्हते ना? नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. काही आठवडे पाणी भरून, उपसून, पुन्हा भरून तो धुवून काढावा लागतो. त्या माणसाने संध्याकाळी पाणी भरलं आणि सकाळी मासे सोडले. तू ते एकटीने काढून अबोलीच्या मुळाशी पुरलेस, आणि मला फोटो मात्र पहिल्या दिवसाचाच पाठवलास.

मे महिन्यात तुमची दुपारची झोप लागली होती तेव्हा मी तुझी निळी बादली तळ्यातल्या पायरीवर ठेवली होती, आत-बाहेर पाणी सारखं करून. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बादलीतलं पाणी जेमतेम अर्धा सेंटिमीटर उतरलं होतं. तळ्यातलं चार बोटं! बादलीतलं जेवढं गेलं ते उन्हाने नेलं, बाकीचं सगळं गळलं. दहा बाय सहा फुटांच्या तळ्यात चार बोटं म्हणजे दिवसाला चारशेच्या आसपास लिटर. बाबा, तुम्ही तेवढं रोज विहिरीवरचा पंप लावून भरत होतात आणि मला सांगत होतात, ऊन फार आहे.

गवंड्याने बघून जे सांगितलं ते तुम्हाला पटेल. न्हाणीघर बांधलं तेव्हाची भरावाची माती तिथे आहे, ती धुम्मस मारून दाबून न घेताच वर सिमेंट ओतलं. आत जाळीसुद्धा नाही. तळ आधी आणि भिंती आठ दिवसांनी, म्हणून जोडावरच चीर गेलीय. खाली जांभा, तो पाणी धरून ठेवत नाही. तुम्ही म्हणाल, मंगेशीच्या तळीला कुठे रबर लावलंय? पण ती जमिनीतल्या झऱ्यावर आहे बाबा, तिला पाणी खालूनच येतं. आपल्याला वरून भरून धरून ठेवायचंय. म्हणून चिरा बुजवून, वर जिओटेक्स्टाईल नावाच्या कापडाचा जाड थर आणि त्यावर एक मिलिमीटर जाडीचं ईपीडीएम रबराचं अस्तर घालणार. लांबी-रुंदीत दोनदा खोली आणि दोन्ही काठांना फूट-फूट धरून सोळा बाय बारा फुटांचा एकच तुकडा मागवलाय, मध्ये जोड नको.

आणि काठ. स्वयंपाकघराकडचा काठ दोन इंच खाली आहे, म्हणून तळं भरलं की पाणी नेमकं आईच्या चुलीमागच्या भिंतीला जातं. त्यात कौलांची पन्हळही तळ्यातच सोडलेली. चार इंच पाऊस पडला की तेवढ्या छपरावरूनच एक अख्खं तळं भरेल इतकं पाणी येतं. पन्हळ आता माडांच्या आळ्यांकडे वळवायची, तळ्याला जास्तीचं पाणी जायला तीन इंची सांडपाईप जाळीसकट बसवायचा, आणि घरापासून दहा फुटांना अडीच इंच उतार द्यायचा. तो गुळगुळीत टाईल पूर्ण उखडायचा.

बाबा, गोठा बांधताना पातळी बघायची पाण्याची नळी धरायला तुम्ही मला उभं केलं होतंत. मी सात वर्षांची. दुसऱ्या टोकाला तुम्ही, मध्ये भिंत. पाणी हलेना, मी रडकुंडीला, आणि पलीकडून तुमचा आवाज, ‘आंगठो काड गो’. अंगठा काढला तसं नळीतलं पाणी वरखाली होऊन हळूहळू थांबलं, आणि तुम्ही पेन्सिलीने खूण केलीत. ज्याने आयुष्यभर एक ओळही नळीशिवाय लावली नाही, त्याला तो वाकडा काठ पहिल्याच दिवशी दिसला असणार. माझं मन मोडू नये म्हणून तीन वर्षं बोलला नाहीत.

तुमची मात्र काही अडचण होणार नाही. काम दहा-बारा दिवसांचं. आईचं वृंदावन, कपड्यांची दोरी, धुण्याचा दगड कशालाच हात लागणार नाही. अबोली फक्त पंधरा दिवस कुंड्यांत राहील. बाबांची सकाळच्या चहाची खुर्ची पुढच्या सोप्यावर, पेपर तिथेच येईल. धूळ फार वाटली तर स्वयंपाकघराचं मागचं दार ओढून घ्या. पैशांची चिंता नको, पोस्टातली आरडी सुटलीय, आणि आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे.

नवीन तळ्यात आधी डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडू. साचल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि मागच्या वर्षीचा बाबांचा डेंग्यू मी विसरलेले नाही. आंब्याची सावली पडते म्हणून तळ्यातल्या साळकाला फूल येत नव्हतं आई, तुझा हात वाईट नव्हता. पूर्वेकडची एक फांदी उतरवली की पाच-सहा तास ऊन मिळेल. काठाला अळू आणि वाळा लाव, तुझ्या मनासारखं.

आता नीट ऐका. चिरे उचलायचे नाहीत. खड्ड्याच्या काठावर उकिडवं बसायचं नाही. कामगारांना चहा-भजी करत आईने उभं राहायचं नाही, मी पैसे वेगळे दिलेत. साखरेची गोळी आधी, मग नाश्ता. धरायला लोखंडी कठडा बसवणार आहे, आणि तो तुमचं वय झालं म्हणून नाही बाबा, मला आणि चिनूलाही लागेल.

मी रविवारी रात्री पोचते, पंधरा दिवसांची रजा घेतलीय. काठाची पातळी मात्र गवंड्याने नाही, आपण दोघांनी लावायची. तुम्ही खुर्चीत बसून एक टोक धरा, दुसरं मी. ती जुनी नळी माळ्यावर, आईच्या पितळी घंगाळामागे असेल. शोधायला शिडी लावू नका. मी आल्यावर काढते.

तुमची,
बाय