ताई, यंदा मेमध्ये नको, पाडव्याला ये

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

मेमध्ये सुट्टी टाकते म्हणालीस ना फोनवर, त्याआधी हे सगळं वाच आणि मग ठरव. मेसेज मोठा होणारे, पण फोनवर तू ऑफिसच्या गडबडीत असते आणि माझं अर्धं राहूनच जातं, म्हणून लिहूनच टाकते.

दरवर्षी तू एकतर दिवाळीत येतेस नाहीतर मेमध्ये. मेमध्ये आपल्याकडे काय असतं ते तुला सांगायला नको, 45 डिग्री, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, कूलरसमोरून कोणी हलत नाही आणि परसात सगळी झाडं माना टाकून उभी. मग तू पुण्याला जाऊन मैत्रिणींना सांगतेस आमच्याकडे नुसतं ऊन. आपल्याकडेही वसंत येतो गं, फक्त थोडे दिवस असतो. थंडी गेली की होळीपासून साधारण पाडव्यानंतरच्या आठवड्यापर्यंत, तेवढाच. त्या दिवसांत तू गेली कित्येक वर्षं घरी नाहीयेस, आधी परीक्षा आणि आता नोकरी. मला ते फार लागतं.

आत्ता काय चाललंय ते सांगते. दारातल्या कडुनिंबाने महिनाभर पानं गाळली, रोज सकाळी झाडून हात दुखायचे, आणि आता त्या बोडक्या फांद्यांना तांबूस कोवळी पालवी फुटलीय, इतकी नाजूक की खालून बघितलं तर पानातून ऊन आरपार दिसतं. त्यातच बारीक कळ्यांचे घोस आलेत, पाडव्यापर्यंत पूर्ण फुलेल. संध्याकाळी ओट्यावर बसलं की तो मधासारखा वास येतो, वारं पडलं की जास्तच. गल्लीतले लोक झडलेला पाला जाळतात, धूर नुसता. मी एक पान जाळू देत नाही, सगळा पाला लिंबाच्या आणि आंब्याच्या आळ्यात पसरलाय. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते ना, मुळं उघडी पडतात, पाला असला की ओल टिकते आणि नळाला चार दिवस पाणी नाही आलं तरी झाड तग धरतं.

आंबा यंदा भलताच मोहरला. आजी तर बघून म्हणे, औंदा आंबाले मव्हर भलता उना! आता मोहर संपत आलाय आणि वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्यात, खाली रोज सडा पडतो त्यांचा. पप्पा तो सडा बघून हळहळतात, पण ते असंच असतं. एकेका तुऱ्यात हजारभर फुलं असतात, त्यातली बरीचशी नर फुलं, त्यांना फळ धरतच नाही आणि धरलेल्यातली पण बहुतेक गळतात, एका तुऱ्याला शेवटी एक दोन कैऱ्या राहिल्या तरी झाड भरून जातं. शेजारून सल्ला आला होता की औषध मारा, तुडतुडे आहेत. मी साफ नाही म्हटलं. मारायचंच असेल तर मोहर फुलायच्या आधी निंबोळी अर्क मारावा, फुलं उघडली की हात लावायचा नाही, कारण आंब्याला फळ धरवतात त्या बारक्या माशा आणि मधमाश्या, त्याच मेल्या तर मोहर काय कामाचा. आणि हो, आंब्याला दोन फांद्यांवर नवी पानं पण आलीत, चॉकलेटी लाल, लुळी खाली लोंबणारी. लहानपणी तू विचारायचीस पान आजारी आहे का म्हणून. आजारी नाही, त्यात हिरवा रंग नंतर भरतो, आधीचा तो लाल रंगच कोवळ्या पानाला उन्हापासून सांभाळतो. पंधरा दिवसात ताठ होऊन हिरवं होतं.

लिंबाचं तर बघच तू. डिसेंबरमध्ये त्याचं पाणी पार तोडलं होतं, पानं मलूल झाली, थोडी गळाली, आजी रोज म्हणायची अगं पाणी घाल त्याला, मरेल. मामाच्या बागेत आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलांचा बहर, धरतात ना, तसाच ताण दिला मी. जानेवारीत आळं खणून दोन टोपल्या शेणखत घातलं आणि पाणी सुरू केलं, फेब्रुवारीत झाड पांढरं झालं. ताण दिल्याशिवाय लिंबू असं एकदम अंगभर फुलत नाही, नाहीतर इकडे चार फुलं तिकडे चार फुलं. आता फुलांच्या पाकळ्या गळून मधोमध हिरवा ठिपका राहतोय, पावसाळ्यात लिंबं उतरतील. कोवळ्या पानांवर अळ्या आहेत, काळ्या पांढऱ्या, बघितलं तर पक्ष्याची शीटच वाटते, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. ती त्या काळ्या पिवळ्या फुलपाखराची अळी, कढीपत्त्यावर पण असते. झाड मोठं आहे, चार पानं खाल्ली तर काही बिघडत नाही, मी राहू दिल्यात.

आता मुख्य बातमी. किचनच्या खिडकीसमोर मधुमालतीच्या वेलाला शिंजीरने, त्या फुलातला मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्याने, घरटं बांधलंय! मी रोज चहा करताना बघत होते. मादी एकटीच बांधते, नर नुसता जांभळा काळा चकचकीत होऊन तारेवर बसून ओरडतो. ती आधी कोळ्याची जाळी आणून वेलाला चिकटवते, मग गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, कागदाचा कपटा, सगळं त्या जाळीने बांधत जाते आणि खाली लोंबती पिशवी होते. बाजूला छोटं दार आणि दारावर चक्क छज्जा काढलाय. आत कापूस घेऊन गेली ती उशीतून निघालेला, मी मुद्दाम कठड्यावर ठेवला होता. आता ती आत बसते, फक्त चोच बाहेर दिसते. पप्पांना त्या बाजूचा दिवा लावू देत नाही मी. पाडव्याला आलीस तर पिल्लं दिसतील बहुतेक, मेमध्ये रिकामी पिशवी दिसेल.

तुझा मोगरा नुसती पानं काढतो म्हणालीस, त्याचं सांगते. मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावरच येतं, जुन्या काडीवर येत नाही. मी जानेवारीच्या शेवटी आपल्या मोगऱ्याचं पाणी कमी केलं, पानं ओरबाडून काढली आणि निम्म्यावर छाटला, मग खत पाणी, आता प्रत्येक फुटव्याच्या टोकाला तीन तीन कळ्या आहेत आणि सकाळी ओंजळभर निघतात. तू आता पार छाटू नको, टोकाची दोन दोन पानं खुडून टाक आणि कुंडी अशा जागी ठेव जिथे पाच सहा तास ऊन येईल, बाल्कनीच्या कोपऱ्यात सावलीत ठेवून फुलं कशी येतील. रोज पाणी घालू नको, वरची माती कोरडी झाली की घाल. आणि युरिया अजिबात नको, त्याने पालाच वाढतो. एक बहर संपला की फुलं आलेली टोकं परत खुडायची, की पुन्हा फुटवे. असं केलं तर पावसाळ्यापर्यंत फुलत राहतो.

बाकी मोरीच्या पाण्यावरची केळ निसवली, लाल केळफूल बाहेर आलंय, शेतात केळीभोवती शेवरी लावतात वारा अडवायला तशी आपल्याकडे भिंत आहे म्हणून पानं फाटली नाहीत. चाफ्याला एक पान नाही आणि टोकाटोकाला फुलं. शेवग्याच्या फुलांचा खाली सडा आहे, वरची काढून कांद्यावर परतून बेसन पेरून भाजी केली परवा, कळण्याच्या भाकरीबरोबर. तुझी आठवण आली, तुला ती भाजी फार आवडायची.

आता तारखा बघ. पाडवा 19 मार्चला आहे, गुरुवार. शुक्रवारची एक सुट्टी टाकली तर रविवारपर्यंत चार दिवस होतात. पाडव्याला कडुनिंबाची फुलं गूळ, जिरं, हिंग, भिजवलेली डाळ घालून वाटायची ती तुझ्या हातची हवी, आजी सारखी म्हणते. एक दिवस सकाळी लवकर निघून पालच्या रस्त्याने सातपुड्यात जाऊ, पळस अजून थोडा राहिलेला असेल, घाटात दोन्ही बाजूंनी केशरी, आणि मोह फुलायला लागलेला असेल, पहाटे झाडाखाली टपटप पडतो, आदिवासी बायका टोपल्या घेऊन वेचत असतात. तुला लहानपणी होळीला पळसाची फुलं उकळून रंग करून द्यायचे, आठवतं का? यंदाही थोडी वाळवून ठेवलीत मी, डब्यात आहेत.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 19 एप्रिलला आहे, रविवार, तेव्हा पण आलीस तर सोन्याहून पिवळं, खापराची पुरणपोळी करू, निंबाला झोका बांधू. पण दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर पाडवाच धर. आखाजीपर्यंत ऊन चढलेलं असतं, मी तोपर्यंत कुंड्यांवर हिरवी नेट बांधून टाकते आणि मग रोज संध्याकाळी पाणी घालून झाडं जगवायची एवढंच काम उरतं, बघण्यासारखं फार काही नसतं.

पप्पांना विचारशील तर ते म्हणतील सुट्टी मिळेल तेव्हा ये, कामाचं बघ आधी. त्यांचं ऐकू नको, रोज सकाळी चहाचा कप घेऊन तेच आधी परसात जातात आणि परवा मला म्हणाले पोरीने हे बघायला पाहिजे होतं. साहेबांशी आजच बोल. सणाच्या आधी गाड्यांना गर्दी होते, तिकीट लगेच काढ, भुसावळला उतर, तिथून फैजपूरची एसटी आहेच, नाहीतर गाडीची वेळ कळव म्हणजे पप्पा घ्यायला येतील. मोगऱ्याच्या छाटलेल्या काड्यांपैकी काही मी पिशव्यांत लावल्यात, त्यातल्या दोन जगल्यात आणि त्या तुझ्यासाठीच आहेत, तेव्हा जाताना हातात पिशवी धरावी लागेल, बॅग छोटी आण.

तुझी,
आई