पालापाचोळा सोसायटीच्या गेटबाहेर जायलाच कशाला हवा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी सकाळी सहाला फिरायला निघाले तर आमच्या गल्लीच्या टोकाला नाल्याजवळ परत तेच, पाल्याचा ढीग पेटवलेला, आणि सकाळच्या गारव्यात धूर वर जात नाही, तो तसाच जमिनीलगत पसरून राहतो. शेजारच्या बिल्डिंगमधली दोन मुलं नाकाला रुमाल लावून स्कूलबसची वाट बघत उभी होती. त्या ढिगात एका सोसायटीच्या लॉनचं कापलेलं गवत, बोगनवेलीच्या फांद्या आणि प्लॅस्टिकची पोती पण होती, म्हणजे हा रस्त्यावर पडलेला पाला नव्हता, कोणीतरी गार्डन साफ करून पैसे घेऊन इथे आणून टाकलेला होता. म्हणून हे पत्र.

मी कोथरूडला राहते, आमची 48 फ्लॅटची सोसायटी आहे आणि झाडं भरपूर, सोनमोहर, पिंपळ, दोन आंबे, देशी बदाम, एक फणस. फेब्रुवारी-मार्चमध्ये दर आठवड्याला पंधरा-वीस पोती पाला निघतो. आमचा आधीचा गार्डन कॉन्ट्रॅक्टर तो पोत्यात भरून टेम्पोने न्यायचा आणि आम्ही खूश, आवार स्वच्छ. कुठे नेतो हे पाच वर्षांत एकानेही विचारलं नाही, मी पण नाही, आणि याचं मला आता खरंच वाईट वाटतं. एकदा आमच्याच एका सभासदाने टेकडीच्या पायथ्याला आमची पोती ओळखली तेव्हा कळलं की तिथेच टाकायचे आणि कोणीतरी काडी लावायचं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसरी गार्डनिंग सर्व्हिस लावली. मुळशीकडचा एक मुलगा, हाताखाली चार माणसं, स्वतःचा एक छोटा श्रेडर, म्हणजे पाला-फांद्यांचा चुरा करणारं मशीन. पहिल्याच मीटिंगला तो म्हणाला, "काकू, पाला उचलायचे पैसे देता आणि खताची पोती आणायचे पण देता, एकाच पाल्याचे दोनदा पैसे जातायत तुमचे." त्याची अट एकच होती, आवारातला पाला आवाराबाहेर जाणार नाही आणि त्यासाठी मागच्या भिंतीलगतची जागा त्याला द्यायची.

तो जे करतो ते इतकं साधं आहे की सविस्तर लिहितेच. कोंबडीजाळीचे तीन फूट रुंद आणि चार फूट उंच असे गोल पिंजरे, आमच्याकडे सहा आहेत. त्यात पाला पायाने दाबत भरायचा, मधेमधे शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडायचं. वाळका पाला म्हणजे नुसता कार्बन, तो एकटा कुजायला फार वेळ लावतो, म्हणून त्यात नायट्रोजनवालं काहीतरी लागतं, ताजं गवत, शेण, किचनचा ओला कचरा. साधारण 30 भाग कार्बनला 1 भाग नायट्रोजन जमलं की ढीग आतून तापतो, हात घातला तर चटका बसेल इतका, आणि याच उष्णतेने तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. ओलावा बघायला मूठभर माल घट्ट दाबायचा, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त. दर पंधरा दिवसांनी फावड्याने खालीवर करायचं. आमच्याकडे साडेतीन-चार महिन्यांत खत होतं, काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. आंब्या-फणसाची पानं जाड, त्यांना जास्त वेळ लागतो, म्हणून ती आधी श्रेडरमधून काढतो. लॉनचं गवत मात्र एका जागी ढीग करून ठेवायचं नाही, चिकट होऊन घाण वास मारतं, ते पाल्यात पातळ थरांनी मिसळायचं नाहीतर लॉनवरच पसरायचं.

फांद्यांचा चुरा झाडांच्या बुंध्याभोवती आच्छादन म्हणून, पण खोडाला चिकटवून नाही, चार बोटं जागा सोडून, नाहीतर खोड ओलं राहून कुजतं. गेल्या एप्रिल-मेमध्ये जिथे हे आच्छादन होतं तिथे आम्ही दिवसाआड पाणी घातलं आणि झाडं टवटवीत राहिली, आधी रोज घालायला लागायचं. टँकरच्या दिवसांत हे केवढं मोठं काम आहे ते पुणेकरांना सांगायला नको. नारळाच्या झावळ्यांचे हीर काढून त्याच्याकडच्या मावशी खराटे बांधतात. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटून घेतो, बी धरलेलं असेल तर पिंजऱ्यात घालत नाही. जास्वंदीच्या मिलीबग (पांढरी, कापसासारखी कीड) लागलेल्या फांद्या पण वेगळ्या काढतो, काळ्या पिशवीत बांधून उन्हात ठेवतो.

सुरुवातीला विरोध झाला, नाही असं नाही. साप येतील, वाळवी लागेल, वास येईल. वासाचं म्हणाल तर ढीग हलवला नाही आणि पाणी जास्त झालं तरच येतो, एका पावसाळ्यात आला होता, वर पत्रा टाकल्यावर थांबला. साप अजून कोणाला दिसलेला नाही, गांडुळं मात्र भरपूर आणि लहान मुलं ती बघायला रांग लावतात. गेल्या वर्षी आम्ही खताचं एकही पोतं विकत आणलं नाही, उरलेलं सभासदांना कुंड्यांसाठी दिलं.

आता मुद्द्याचं. कचरा उघड्यावर जाळायचा नाही आणि बागेतला कचरा आपल्या आवारातच वेगळा साठवायचा हे 2016 च्या घनकचरा नियमांतच आलंय. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जाळणाऱ्याला 5 हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25 हजार दंड सांगितला. तरी दर शिशिरात धूर आहेच. मला रस्ता झाडणाऱ्या ताईंना अजिबात दोष द्यायचा नाहीये, त्यांनी गोळा केलेला पाला ठेवायला त्यांना जागाच कोणी दिलेली नाही. माझं म्हणणं सोसायट्यांना आणि बंगलेवाल्यांना आहे. गार्डनिंगचं काम देताना आपण फक्त महिन्याचा रेट विचारतो आणि सगळ्यात स्वस्त असेल त्याला देतो. तो स्वस्त असतो कारण पाला कुठेतरी फेकून मोकळा होतो. आमचा हा माळी महिन्याला थोडे जास्त घेतो, पण खताचे आणि टेम्पोचे वाचलेले धरले तर आम्हाला महाग पडलेला नाही. करारात एक ओळ घाला, पाला आवारातच जिरवायचा, बाहेर न्यायचा असेल तर कुठे ते लिहून द्यायचं. जागाच नसेल तर पुण्यात ब्राउन लीफ नावाचा ग्रुप आहे, पाला जास्त असणारे आणि पाला हवा असणारे यांची ते गाठ घालून देतात, बागा करणारे लोक खरंच घरी येऊन पोती घेऊन जातात.

आणि महापालिकेला एक विनंती. असं काम करणाऱ्या छोट्या माळ्यांना स्वतःचा श्रेडर घेणं परवडत नाही, आमच्या माळ्याने कर्ज काढून घेतलाय. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एक श्रेडर ठेवा, भाड्याने द्या, आणि निदान फेब्रुवारी ते एप्रिल प्रत्येक प्रभागात पाला टाकायला एक जागा ठरवून द्या, एखाद्या उद्यानाचा कोपरा पण चालेल. मंगळवारच्या त्या ढिगाची राख अजून तिथेच आहे, आणि काल त्याच्या शेजारी नवी चार पोती येऊन पडलीयत.

आपली नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे