पाणी यायच्या आत दफ्तर माडीवर

सप्रेम नमस्कार.

मृग तोंडावर आला आहे. सांगलीला पावसाची धास्ती जूनमध्ये नसते, ती जुलै सरता सरता सुरू होते. कोयना धरणातून किती सोडलं, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी किती फूट झालं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. घरातलं काय आधी वर न्यायचं हेही आता सगळ्यांना कळतं: शेगडी, गव्हाचं पोतं, टीव्ही, रेशनकार्ड. जुने कागद जपणाऱ्या आमच्या मंडळाच्या तळमजल्यावर मात्र दोन-अडीचशे वर्षांच्या कागदांचं दफ्तर आहे आणि ते वर न्यायला आमचे हात पुरत नाहीत. म्हणून हे आवाहन.

आधी आमची चूक कबूल करतो. २००५ च्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथे आम्ही भिंतीवर तेलरंगाची रेघ ओढून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदी वाढू लागली तेव्हा सगळे रुमाल त्या रेघेच्या हातभर वर रचले आणि निर्धास्त घरी गेलो. पाणी आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली, रुमालही बुडाले.

(रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. दफ्तरातले कागद ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवतात तो रुमाल, आणि त्यात बांधलेला गठ्ठाही रुमालच.)

पाणी ओसरल्यावर कपाटांची दारं उघडेनात, लाकूड फुगून बसलं होतं. सुताराने मागच्या फळ्या काढल्या तेव्हा कुठे आत हात गेला. जुनी शाई काजळाची. उजेडाने ती फिकी होत नाही, हवेने उडत नाही. अडीचशे वर्षांचं पत्र कालच लिहिल्यासारखं काळंभोर दिसतं. पण त्या काजळाला कागदावर धरून ठेवतो तो डिंक, आणि डिंक पाण्यात सुटतो. काही गठ्ठ्यांतून नुसतं काळं पाणी ठिबकत होतं. हातकागद मात्र शाबूत, चिवट. फक्त कोरा. त्यात आणखी भर म्हणजे आम्ही हौसेने तांबडा खारवा आणून नवे रुमाल शिवले होते. त्याचा रंग सुटला आणि जे वाचलं असतं तेही गुलाबी झालं.

तेव्हा गेलेल्यांत हरिपूरच्या एका हळद व्यापाऱ्याच्या कीर्दी-खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या होत्या. पेवं आता सांगूनच कळायची: जमिनीत खोल खणलेली कोठारं, ज्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव फोडलं की आधी आत कंदील सोडत. तो विझला तर माणूस उतरत नसे. त्या वहीत कंदिलाच्या तेलाचा खर्च निराळा टाकलेला होता, दर पेवामागे. आमच्यातल्या एकाने तेवढं एक पान पुराआधी मोबाइलवर टिपलं होतं, म्हणून हे सांगता येतं. बाकीच्या पानांवर काय होतं ते आता कुणीच सांगू शकत नाही.

‘असल्या हिशेबांचं काय घेऊन बसलात’ असं आम्हाला तोंडावर विचारणारे भेटतात. पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्या दफ्तरातली पत्रं म्हटली की मान डोलते, आणि ते योग्यच आहे. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी ती वाचली आणि १८९७ पासून खंडांमागून खंड छापले, म्हणून उत्तर पेशवाई आपल्याला इतकी जवळून दिसते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तोही वाईत सापडलेल्या पत्रांचा. पण स्वाऱ्या नि तह यांच्या कागदांना कुणीतरी वाली भेटतोच. आमच्याकडे आहेत ते गावकुसातले: गावचे हिशेब लिहिणाऱ्या कुलकर्ण्यांची जमाबंदी (शेतसाऱ्याची आकारणी), बांधाच्या भांडणाचे निवाडे, वतनाचे महजर (सभेने साक्षीनिशी दिलेले निवाडपत्र), विहिरीच्या पाळीपाळीच्या पाण्याचे करार. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली आणि गावोगावचं कितीतरी जुनं दफ्तर घरच्या माळ्यावर जाऊन पडलं. तिथून ते आमच्याकडे येतं किंवा रद्दीत जातं. तिसरी वाट सहसा नसते.

यंदा वरच्या मजल्याची खोली मोकळी झाली आहे. तिथे लोखंडी मांडण्या करायच्या आहेत आणि जिन्याच्या दोन पायऱ्या बदलायच्या आहेत. मिस्त्रीने दिलेला खर्चाचा अंदाज कार्यालयाच्या दारावर लावला आहे, येऊन वाचा. त्यात काही जास्तीचं वाटलं तर सांगा. देणगी दहा रुपयांची असली तरी पावती मिळेल. पैशाऐवजी कापड दिलंत तरी चालेल, मात्र ते कोरं मांजरपाट हवं, धुऊन खळ काढलेलं. रंगीत नको. तांबडं तर मुळीच नको.

आणखी एक मागणं जरा विचित्र वाटेल. शहरातल्या आइस्क्रीमच्या ठोक विक्रेत्यांनी ऑगस्टपुरता एक डीप फ्रीझर आमच्या नावाने मोकळा ठेवावा. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरू लागते, आणि दोन दिवसांत हजारो पानं सुकवणं कुणाच्या बापाला जमत नाही. पण ओला गठ्ठा तसाच गोठवला तर बुरशी थांबते आणि पाणी ओसरल्यावर सवडीने एकेक काढून सुकवता येतो. तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांनाही विचारतो आहोत. तिथे कागद गोठणार नाही, पण बुरशीचा वेग तरी मंदावेल.

ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांच्याशी दोन शब्द. वाडा पाडायला काढलात, माळा आवरायला घेतलात, तर मोडीची बाडं रद्दीवाल्याला घालण्याआधी आम्हाला हाक मारा. ‘कागद दिले आणि उद्या जमिनीची भानगड निघाली तर?’ ही शंका रास्त आहे. कागद तुमचेच राहतील. आम्ही फोटो काढतो, वर्णन लिहून ठेवतो, आणि तुम्हाला हवे असतील तर मूळ कागद परत करतो. फक्त एक करा, गठ्ठा आहे तसा आणा. नीटनेटकं करायच्या नादात पानं लावू नका. पुष्कळ पत्रांवर नुसता ‘छ’ घालून मुसलमानी महिन्याची तिथी असते, सालाचा पत्ता नसतो. शेजारी कोणता कागद बांधला होता यावरूनच साल काढावं लागतं. चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि तिचा गोंद कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच नको. एका काकांनी आजोबांची सनद लॅमिनेट करून, वर चौकट करून आणली होती. त्यांना काय बोलणार? चहा पाजला.

मोडी वाचणारी माणसं आम्हाला पैशापेक्षा जास्त हवी आहेत. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गाला जाऊन आलेली मुलंमुली या भागात आहेत. प्रमाणपत्र घेतलं आणि हात सुटला, असं अनेकांचं होतं. त्यांनी यावं. सुरुवातीला अडखळाल, सगळेच अडखळतात. सलग रेघेखाली शब्द न तोडता लिहिलेलं असतं, ‘मोर्तब सुद’ दिसलं की कागद संपला एवढंच आधी कळतं. जुनी घडी उलगडताना कधीकधी शाई टिपायला टाकलेली चिमूटभर वाळू अजून हातावर सांडते. ती झटकू नका, आम्ही पुडीत बांधून कागदासोबत ठेवतो.

मोडी येत नसेल तरी काम आहे. जूनच्या चारही रविवारी सकाळी आठपासून रुमाल वर न्यायचे आहेत. जिना अरुंद आहे, तेव्हा माणसांची साखळी करून हातोहात द्यायचे. नाकातोंडाला बांधायला सुती फडकं आणा, धूळ जुनी आहे. दम्याच्या मंडळींनी खाली बसून यादी करावी. कांदेपोहे आणि चहा मंडळाकडून.

चौकशीसाठी रोज संध्याकाळी सहा ते आठ कार्यालय उघडं असतं.

आपला नम्र,
कार्यवाह